धाकटे मामंजी आणि चेटकिणीचं मांजर

आमच्या धाकट्या मामंजींइतका बोलका माणूस अख्ख्या कल्याणात नव्हता, आणि त्यांच्याइतका माणसांशी न बोलणाराही दुसरा नव्हता. आता तुम्ही म्हणाल, हे कसं काय? तर ते बोलायचे सगळ्यांशी, फक्त माणसं सोडून. सकाळी उठले की आधी दाराच्या कडीला विचारायचे, "काय, रात्री गारठलीस ना?" मग विहिरीवर जाऊन पोहऱ्याला सांगायचे, "सावकाश जा हो, घाई नाही." आंघोळीच्या घंगाळाचे आभार मानायचे. पगडी खुंटीवरून काढताना तिची परवानगी घ्यायचे आणि ती मिळाली असं त्यांना वाटेपर्यंत हात तसाच वर धरून उभे राहायचे. माणूस समोर आला की मात्र मान खाली, नजर जोड्यांवर, आणि जे काय सांगायचं ते जोड्यांना. सासूबाईंना, म्हणजे त्यांच्या वहिनींना, जेवायला वाढा म्हणून सांगायचं असलं तरी ते खांबापाशी उभे राहून म्हणायचे, "बाबा रे, भूक लागली असं कुणाला तरी वाटतंय." सासूबाई आतून ओरडायच्या, "खांबाला म्हणावं, पानं घेतली आहेत!"

ते माझे चुलत सासरे. त्यांचं नाव मी तेव्हा कधी घेतलं नाही आणि आता या वयात घ्यायला जीभ वळत नाही, म्हणून नुसतं धाकटे मामंजी. माझे सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते, त्यामुळे घरात कर्त्या म्हणाल तर सासूबाई आणि पुरुष माणूस म्हणाल तर हे असे. ते कचेरीत नकलनवीस होते, म्हणजे आलेल्या कागदाची नक्कल करायची. अक्षर असं की मोत्यांनासुद्धा आपण वाकडे आहोत असं वाटावं. पण एकदा नव्या साहेबानं त्यांना काहीतरी विचारलं आणि त्यांनी उत्तर दौतीला दिलं. साहेबानं पुन्हा विचारलं, यांनी पुन्हा दौतीलाच, जरा अधिक अदबीनं. साहेबाला वाटलं हा माणूस आपला अपमान करतोय. त्यानं शिक्षा म्हणून त्यांना मागच्या दप्तरखान्यात पाठवलं, जिथं दिवसचे दिवस माणूस फिरकत नसे, नुसते जुने रुमाल आणि त्यात बांधलेले कागद. मामंजी तिथं इतके सुखात राहिले की पुढं साहेबाची बदली झाली तेव्हा त्यांनी दप्तरखान्याच्या खिडकीला सांगितलं, "भला माणूस होता हो, आपल्यावर फार उपकार केले त्यानं."

मी या घरात आले तेव्हा अकरा वर्षांची होते. माझं माहेर ठाण्याला, कोपरीत. घराच्या मागं खाजणाची दलदल आणि त्यापलीकडे मिठागरं. उन्हाळ्यात मिठाच्या राशी अशा चमकायच्या की दुपारी डोळे मिटले तरी आत पांढरंच दिसायचं. ठाणं ते कल्याण म्हणजे काही विलायत नव्हे, पण मला ती विलायतच वाटली. आमचे हे तेव्हा शिकायला मुंबईला, एका नातलगाकडे, मोठे दीर नोकरीला परगावी. मोठी जाऊ होती, ती चांगली होती, पण तिला पहिल्या खेपेचे दिवस गेले होते आणि ती बिचारी सारखी आडवी पडून असायची. मला घास उतरत नसे. रात्री झोप येत नसे. पंधरा दिवसांत माझ्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "हे पाहा, आठ दिवस बघते. नाही जमलं तर कोपरीला पोचवून देते. उद्या काही झालं तर तुझ्या आईला काय तोंड दाखवू?" त्या रागानं बोलल्या नव्हत्या, पण अशी परत पाठवलेली पोर म्हणजे काय, ते मला अकराव्या वर्षीही कळत होतं. आणि खरं सांगू? कळत असूनही मला जायचंच होतं.

याच सुमारास घरात मांजर आलं.

खाडीकडे जाताना दुर्गाडी किल्ल्याच्या उताराला एक म्हातारी एकटीच झोपडीत राहायची. झाडपाला विकायची. कुणाशी फार बोलायची नाही, जवळ एक काळं मांजर, तेवढ्यावरून गावानं तिला चेटकीण ठरवून टाकलं होतं. लोक तिच्या झोपडीवरून जाताना पावलं उचलून टाकायचे. धाकटे मामंजी रोज संध्याकाळी खाडीवर फिरायला जायचे ते मात्र तिथं थांबायचे आणि नमस्कार करायचे. म्हातारीला नव्हे हो, तिच्या दाराला. "बरं आहे ना?" असं दाराला विचारायचे. आतून म्हातारी म्हणायची, "दाराला बरं आहे." एवढीच ओळख. त्या हिवाळ्यात म्हातारी झोपेतच गेली आणि तिसऱ्या दिवशी मामंजी फिरून आले ते त्यांच्या मागून चार हातांचं अंतर ठेवून ते मांजर. सगळं काळं कुळकुळीत, फक्त उजवा पुढचा पाय पांढरा, जणू पिठात बुडवून आणलेला. सासूबाई केरसुणी घेऊन धावल्या. मांजर माजघराच्या उंबरठ्यावर चढून बसलं, त्यांच्याकडे बघून त्यानं सावकाश जांभई दिली आणि तिथंच राहिलं. मामंजी उंबरठ्याला म्हणाले, "पाहुण्या आहेत. चार दिवस राहतील." ते तिला बाईसाहेब म्हणत. अहोजाहो करत. घरात माणसांना जेवढा मान नव्हता तेवढा तिला.

आता तुम्हा आजकालच्या मुलींना हे सांगायला हवं, की आमच्या वेळी सून सासऱ्याशी बोलत नसे. चुलत काय, सख्खा काय. त्यांच्यासमोर यायचं नाही, आवाज ऐकू जाऊ द्यायचा नाही, काही हवं-नको असेल तर कुणाकरवी तरी विचारायचं. मामंजी ओटीवर, मी माजघरात, मध्ये उंबरठा. आणि उंबरठ्यावर बाईसाहेब. एके दिवशी दुपारी सासूबाई देवळात गेल्या होत्या, जाऊ झोपली होती आणि मी तांदूळ निवडत भिंतीकडे तोंड करून रडत होते. बाहेरून मामंजींचा आवाज आला, अगदी मऊ:

"बाईसाहेब, आत जरा विचारता का, आतल्या लहान माणसाला काय होतंय?"

बाईसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे उन्हात असे झाले होते, नुसत्या दोन रेघा. मला काय सुचलं कोण जाणे, मी तिला म्हणाले, "काही नाही म्हणावं."

"बाईसाहेब, काही नाही म्हणून कुणी तांदळात पाणी घालतं का?"

मला हसू आलं. पंधरा-वीस दिवसांत पहिल्यांदा. मी म्हटलं, "झोप येत नाही म्हणून सांगा."

बाहेर ओटीवरच्या झोपाळ्याची कडी कुरकुरली, आणि ते म्हणाले, "असं होय. मग बघू हो बाईसाहेब, काहीतरी करायला पाहिजे."

त्यांनी काय केलं ते ऐका. कचेरीतून टाकून दिलेले कागद आणले, एका बाजूनं मोडी लिहिलेले, दुसऱ्या बाजूनं कोरे. दिव्याचं काजळ, हळद, कुंकू, धोब्याकडची नीळ, पानाचा चुना, हे रंग. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उंबरठ्यावर बाईसाहेबांच्या पायाशी एक पान येऊन पडलं. वर मोठ्या बाळबोध अक्षरात लिहिलेलं आणि खाली चित्र. मला वाचता कुठं येत होतं? मग मामंजी बाहेरून बाईसाहेबांना वाचून दाखवायचे, एकेक शब्द लांबवत, आणि मी आतून अक्षरांवर बोट फिरवायची. पहिलं अक्षर मला आलं ते म. मांजरातला म. लिहायला-वाचायला मला कुणी शिकवलं असं विचारलं की मी अजूनही सांगते, मामंजी एका मांजराला वाचून दाखवायचे, ते मी ऐकलं.

पानांवर होती एका चेटकिणीची गोष्ट. तिला झोप येत नसे. तिचे पाय उलटे, केस एवढे लांब की ते वाळत घालायला तिला दोन गावं लागायची. एक टोक कल्याणात, दुसरं पार डोंबिवलीच्या शेतांवर. पण झोप मात्र नाही. म्हणून तिचं मांजर रोज खांद्यावर गोणी टाकून गावभर फिरायचं आणि लोकांची उरलेली झोप गोळा करून आणायचं. कीर्तनात डुलणाऱ्या आजोबांच्या मांडीवर सांडलेली झोप, पंक्तीनंतर ओसरीवर विसरलेली, होडीत जाळ्यावर पडलेल्या कोळ्याची खारट झोप. प्रत्येक झोपेला मामंजींनी वेगळा रंग दिला होता. खाडीवरची निळी, देवळातली हळदीची, तान्ह्या बाळाची तर नुसती चुन्याची, कागदावर बोट फिरवलं तरच कळायची. चेटकीण उशाला गोणी घेऊन झोपायची आणि घोरायची, ते घोरणं म्हणजे खाडीवरचं धुकं. मला चांगलं आठवतं, एका पानावर मांजर एका घराच्या माजघरात येतं. कोपऱ्यात एक लहान माणूस उघड्या डोळ्यांनी बसलेलं. मांजर इकडे शोधतं, तिकडे शोधतं, उशीखाली बघतं. इथं झोप नाहीच. मग ते आपली गोणी सोडतं आणि त्यातली मूठभर झोप त्या कोपऱ्यात ठेवून जातं. चेटकीण विचारते, "आज गोणी हलकी का?" मांजर म्हणतं, "वाटेत थोडी सांडली."

त्या रात्री मी झोपले. दुसऱ्या दिवशी दोनदा भात घेतला. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या ग्रामदेवीला नवस केला होता, पावली."

पानं वाढली तशी मामंजींनी ती दोऱ्यानं शिवली, वर जाड कागदाचा पुठ्ठा लावला, पुठ्ठ्यावर पाठीला बाक देऊन उभं असलेलं मांजर काढलं आणि त्याची चोपडी झाली. ती आळीतल्या पोरांनी पळवली. घरोघर फिरून यायची तेव्हा कुठं हळद, कुठं गूळ, एका पानाचा कोपरा कुणीतरी चावलेला. पोरं इतकी घाबरली की संध्याकाळनंतर परसाकडे एकटं जाईनात. आणि इतकी खूश की तीच पोरं दुसऱ्या दिवशी चोपडी मागायला पहिली हजर. एक बाई तक्रार घेऊन आल्या, "भावजी, आमचा बंडू म्हणतो झोपलो तर मांजर झोप नेईल, म्हणून जागाच राहतो!" मामंजींनी त्यांच्या हातातल्या तांब्याला समजावलं, "मांजर फक्त उरलेली नेतं. बंडूनं आपली सगळी संपवून टाकावी."

असे पाच-सहा महिने गेले. रोज दुपारी उंबरठ्यावरून आमचं बोलणं चाले. कधी मिठाचं, कधी कोपरीचं, कधी नुसतंच. बाईसाहेब मध्ये बसून दोन्हीकडे मान वळवायच्या, एखाद्या पंचासारख्या. आणि मग वैद्यबुवा आले.

वैद्यबुवा आमच्या आळीतले मोठे मानाचे गृहस्थ. जावेला औषध द्यायला आले होते. भर दुपारचं ऊन, ते ओटीवर झोपाळ्यावर बसलेले, समोर माजघराचं दार. उन्हातून बघणाऱ्याला आत काळोखच दिसायचा, त्या काळोखात बाईसाहेब नुसते दोन डोळे आणि एक पांढरा पाय. मामंजी सवयीनं म्हणाले, "बाईसाहेब, आत विचारा, वैद्यबुवांना ताक मिळेल का?"

आणि मी, गाढवासारखी, सवयीनंच उत्तर दिलं, "ताक आहे. पण त्यांना म्हणावं, काल आंबट ताक तीन वाट्या प्यायलात आणि रात्रभर खोकलात, असं तुमच्या घरातल्या बाई विहिरीवर सांगत होत्या."

त्याच क्षणी बाईसाहेबांनी तोंड उघडून जांभई दिली.

वैद्यबुवा उठले ते जोडे न घालता. उपरणं झोपाळ्याला अडकलं होतं, ते तिथंच राहिलं. लांब जाईपर्यंत त्यांचं रामनाम ऐकू येत होतं, आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या कल्याणात झालं: चेटकिणीचं मांजर बोलतं. नुसतं बोलत नाही, घरोघरचं जाणतं.

पहिले चार दिवस गंमतच होती. लोक येऊन बघून जायचे. कुणी हरवलेली बुगडी विचारायचं, कुणी मुलीचं लग्न. बाईसाहेब डोळे मिटून घ्यायच्या आणि लोक त्याचाही अर्थ लावायचे. सासूबाई वरवर नाराज, पण मनात थोड्या फुगलेल्या, एकदा आजूबाजूला कुणी नाही असं पाहून त्यांनीही हळूच विचारलं, "काय गं, नातू की नात?" मी दाराआड होते. नातू म्हणून टाकायचं अगदी ओठांवर आलं होतं, पण तोंडात भाजलेले दाणे होते म्हणून वाचले. पण मग आळीतल्या म्हाताऱ्या बायका यायला लागल्या. "घरात पहिलटकरीण, आणि उंबरठ्यावर हे? चेटकिणीच्या तोंडातला घास खाल्लेलं मांजर. उद्या काही वाईट झालं तर कुणाला बोल लावणार?" जाऊ घाबरून रडू लागली. सासूबाईंची झोप उडाली. ठरलं: मंगळवारी ओहोटीबरोबर मिठाची होडी खाली जाते, त्या नाखव्याकडे मांजर द्यायचं, गोणीत बांधून, दूर कुठंतरी खाजणात सोडायला.

मला काय झालं असेल ते तुम्हीच समजा. मांजर गेलं म्हणजे नुसतं मांजर नव्हे, बोलणंच गेलं. त्या घरात माझ्याशी म्हणून बोलणारं एकच माणूस होतं आणि तेही मांजराशी बोलायचं. पण खरं सांगायचं तर सांगणार काय? चुलत सासऱ्याशी सहा महिने गप्पा मारणारी सून! मला परत पाठवायला तेवढं पुरे होतं. सहा महिन्यांपूर्वी पाठवलं असतं तर मी उड्या मारत गेले असते. आता त्या घरात माझी एक चोपडी होती, अर्धीमुर्धी वाचता येणारी.

मंगळवारी सकाळी मामंजी उंबरठ्याशी आले. "बाईसाहेब, मी खरं सांगितलं तर तुम्ही राहाल, पण आतल्या पोरीवर बोल येईल. न सांगितलं तर पोरीला काही होणार नाही, तुम्ही जाल. मला काही कळत नाही. आत विचारा."

मी आत होते. ते थोडा वेळ थांबले आणि परत गेले.

दुपारी ओटी भरली. वैद्यबुवा उपरणं न्यायला म्हणून आलेले, पण हातात ताईत. आळीतल्या बायका. मध्ये नाखवा, गोणी घेऊन, आणि सगळ्यांत जास्त घाबरलेला तोच. "आई, गोनीन घालाला मना काय नाय," तो सासूबाईंना म्हणाला, "पन माज्या होरीन बोलली तं मी पान्यान उरी मारीन. मंग होरी कोन वल्हवील, ही मांजर?"

"तोंड बांध तिचं," वैद्यबुवा म्हणाले.

"तुमी बांधा. तुमची वलख हाय तिची."

सासूबाई म्हणाल्या, "पुरे झालं. ओहोटी लागली. उचल रे."

तेवढ्यात मामंजी उभे राहिले. पगडी नव्हती डोक्यावर. ते माणसांच्या मधोमध आले, मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यांनी तोंड उघडलं. मग त्यांनी खांबाकडे पाहिलं, खांब दूर होता. झोपाळ्याकडे पाहिलं, त्यावर वैद्यबुवा. "ऐका," ते म्हणाले, कुणालाच नाही असं, "ते मांजर," आणि पुन्हा थांबले. मला दाराआडून दिसलं, की ते माझ्यासाठी थांबले होते.

मग मीच बोलले. आतून, मोठ्यानं. "बाईसाहेब, सगळ्यांना सांगा, बोलते ती मी!"

"ऐका!" वैद्यबुवा उडालेच. "पुन्हा बोललं! कबूल करतंय!"

नाखव्यानं गोणी टाकली आणि अंगणात उडी घेतली. बायका एकमेकींच्या अंगावर. आता सांगा, काय करणार? मी कणीक मळता मळता दाराशी आले होते, तशीच पिठाच्या हातांनी, डोक्यावर पदर ओढून, उंबरठा ओलांडून बाहेर आले. सगळ्यांच्या समोर. म्हटलं, "मांजर नाही. मी. वैद्यबुवांच्या ताकाचं मीच बोलले. मामंजी मांजराला विचारतात, मी मांजराला सांगते."

मी सासूबाईंच्या पायांकडे बघत होते. त्यांच्या पायाचा अंगठा हलत होता. विचार करताना त्यांचा तो हलायचा. एक म्हातारी म्हणाली, "अगंबाई! सासऱ्याशी बोलते ही?"

"कोण म्हणतं सासऱ्याशी?" सासूबाई म्हणाल्या. आवाज एकदम करडा. "ऐकलं नाहीत? मांजराशी बोलते. भावजीही मांजराशीच बोलतात. सुनेनं मांजराशी बोलू नये असं कुठं लिहिलंय, वैद्यबुवा? तुमच्या पोथीत असेल तर दाखवा."

वैद्यबुवांनी उपरण्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "तसं काही नाही," ते म्हणाले.

"मग झालं तर. आणि मांजर न्यायचं म्हणता, तर ही पोर आणि भावजी बोलणार कुणाशी? सरळ एकमेकांशी बोलतील, ते चालेल तुम्हाला? मांजर राहील. नाखवा, गोणी घेऊन जा, आणि थांब, भात खाऊन जा." मग बायकांकडे वळून म्हणाल्या, "आणि माझ्या सुनेचं बाळंतपण मी बघीन. त्यात मांजराचं काय काम?"

सगळे पांगल्यावर त्या स्वयंपाकघरात माझ्या शेजारी येऊन बसल्या. मला वाटलं आता तुटून पडणार माझ्यावर. त्या चुलीकडे बघत म्हणाल्या, "आमच्या धाकट्या जाऊबाई होत्या ना, भावजींची बायको. तुझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या असतील. मोठ्या माणसांसमोर नवऱ्याशी बोलायचं नाही, तर भावजी दिव्याकडे बघून बोलायचे आणि त्या दिव्याला उत्तर द्यायच्या. आम्ही हसायचो. दोन वर्षांत त्या गेल्या. भावजी तसेच बोलत राहिले." मग कणकेकडे बोट दाखवून म्हणाल्या, "घट्ट झाली बघ. पाणी घाल."

जावेला मुलगी झाली, गोरीपान, आणि ती रांगायला लागल्यावर पहिली गेली ती बाईसाहेबांचं शेपूट धरायला. बाईसाहेब नंतर नऊ वर्षं जगल्या. त्यांच्यानंतर मध्यस्थीचं काम माझ्या मुलांकडे आलं. मामंजी धाकट्याला म्हणायचे, "अहो, आत विचारा," आणि धाकटा आत न जाता तिथूनच ओरडायचा. ती चोपडी वाचून वाचून विरली, पानं सुटी झाली, पोरांनी पतंगाला लावली. मला तिचं फारसं दुःख झालं नाही, मला तर ती तोंडपाठच होती.

सासूबाई गेल्या, घर माझ्याकडे आलं, आणि मामंजी अगदी थकले. शेवटचा महिना ते माजघरातच असायचे, अंथरुणावर. मी त्यांना पेज द्यायची, त्यांची उशी बदलायची. आता आडपडदा कसला आणि कुणासमोर. तरी आम्ही बोलत नव्हतो. सवय. एका दुपारी घरात कुणी नव्हतं. मी पेजेची वाटी उचलून निघाले, तर त्यांनी मान वळवली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. डोळे पाणावलेले, फिकट. आणि म्हणाले, "पोरी, जेवलीस का गं?"

मी इकडे तिकडे पाहिलं. खरंच पाहिलं हो, सांगायला कुणीतरी असेल म्हणून. कुणीच नव्हतं. दुपार टळत आली होती आणि माझं जेवण व्हायचं होतं, पण ते सांगितलं असतं तर त्यांनी मला बसू दिलं नसतं, आणि मला बसायचं होतं.

"हो," मी म्हणाले.

पंचवीस वर्षांत मी त्यांच्याशी सरळ बोललेला पहिला शब्द, आणि तोही खोटा. त्यांना ते कळलं असावं. थोडंसं हसल्यासारखं केलं, डोळे मिटले, आणि म्हणाले, "बरं झालं." माझ्याशी म्हणाले की आणखी कुणाशी, ते मला आजपर्यंत नक्की सांगता आलेलं नाही.